आम्ही कोतवालाला मरू दिलं नाही

नाटक म्हणजे काय, याचा मुळापासून विचार जगात आजवर फक्त तिघांनी केला. एक आपल्याकडचा जुना मुनी, दुसरा ग्रीस देशातला पंडित आणि तिसरे आमचे साडू. पहिल्या दोघांचं कुठे चुकलं हे फक्त तिसऱ्याला ठाऊक होतं, आणि तिसऱ्याचं कुठे चुकलं हे त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, रोज सकाळी नळावर पाणी भरताना अख्ख्या मोहल्ल्याला सांगत असे. साडू सावली तालुक्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. पोरं त्यांना गुर्जी म्हणत, नाटकवाले प्रॉम्प्टर म्हणत, आणि सासुरवाडीत त्यांचा विषय निघाला की सगळे नुसता कपाळाला हात लावत. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ज्याला भाऊ म्हटलं त्याच्याशी मी काय केलं, ते सांगायलाच आज बसलो आहे. पण आधी माणूस कसा होता ते ऐका, नाहीतर माझ्या अपराधाची किंमत तुम्हाला कळायची नाही.

त्यांची सगळी विद्या दोन पुस्तकांतून आलेली. एक, नाट्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथाचं मराठी भाषांतर, त्याची मधली चाळीसेक पानं वाळवीनं खाल्लेली. दुसरं पुस्तक कसलं, नागपूरच्या रद्दीतून आणलेल्या, कुण्या एम.ए.च्या पोरानं टाकून दिलेल्या पाश्चात्त्य नाटकाच्या नोट्स. आमच्या घरांतून छप्पन सालच्या धर्मांतरात देव बाहेर गेले, तेव्हा रिकाम्या झालेल्या कोनाड्यात साडूंनी ही दोन बाडं ठेवली होती. पूजा मात्र नाही, भांडण. पुस्तकांच्या समासात त्यांनी मुनीला आणि ग्रीकाला अशी काही उत्तरं लिहून ठेवली होती की शेजाऱ्याला बांधावरून सुद्धा कुणी तसं बोलणार नाही. "बापू," ते मला म्हणत, "चार वेद ऐकायले आपल्या कानाले बंदी. मंग वरती मीटिंग झाली, का याइले कायतरी तं द्या. म्हणून पाचवा वेद काढला, नाटक. चांगला माल आत ठेवला अन् आपल्याले हे देल्लं. पन त्याइले काय मालूम, हाच चांगला माल होता!" असं म्हणून मांडीवर थाप मारून हसत. त्याच ग्रंथाच्या शेवटी एक शापाची गोष्ट आहे. मुनीच्या पोरांनी नाटकात ऋषींच्या नकला केल्या, म्हणून ऋषी चिडले आणि म्हणाले, जा, शूद्र व्हा. ती गोष्ट सांगताना मात्र साडू हसत नसत. "त्या पोराइनं नक्कल तरी केली गा. आपल्या आज्यापंज्यानं कोनाची नक्कल केल्ती?"

ही विद्या त्यांनी पुस्तकातच ठेवली असती तर घरच्यांनी सोसली असती. पण ते जगालाही लावून पाहत. पंगतीत वरणभाताचा घास हातात धरून शेजारच्याला विचारत, "मीठ दिसते का? नाई. पन लागते. रस म्हणजे हेच." तोवर वाढपी पुढे निघून गेलेला असे. माझ्या मेहुणीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी नवरीची आई हंबरडा फोडत असताना हे मांडवाच्या खांबाला टेकून गंभीरपणे म्हणाले, "हा काही खरा करुण नाई. पोरगी तीन कोसांवर चालली, परवा वापस येते." सासरे वारले तेव्हा तर कहर झाला. लोक तिरडी बांधतायत आणि हे कंदील इकडचा तिकडे हलवतायत, का तर उजेड पायांकडून आला तर दुःख नीट दिसत नाही! त्यांच्या बायकोनं तिथेच कंदील हिसकून घेतला. एकदा धानोऱ्याहून गडचिरोलीला येताना आमची एस.टी. भर जंगलात बंद पडली. दुसरा माणूस असता तर कंडक्टरच्या बापाचा उद्धार केला असता. साडू खुलले. "एक जागा, एक दिवस, एक गोष्ट! ग्रीकाले याच्याहून जास्त काय पायजे?" मोहफुलाची पोती घेऊन बसलेल्या चार बाया एका सुरात कंडक्टरला शिव्या देऊ लागल्या, तेव्हा तर ते बाकावरून उठून उभे राहिले. "आयका, आयका. हा त्यांचा गायकवृंद. अडीच हजार वर्षं झाले, अजून गाडीतच बसून हाये." दुसरी गाडी येईपर्यंत तीन तास गेले, आणि त्या तीन तासांत त्यांनी मला ग्रीक रंगभूमीचा संपूर्ण इतिहास ऐकवला.

पण खरा माणूस पाहावा तो विंगेत. आमच्याकडे धान कापून घरात आलं की होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. गावात शंकरपट असला, म्हणजे बैलांच्या शर्यती, की त्या रात्री नाटक हवंच. नट आमचेच, कुणी शेतकरी, कुणी शिंपी, कुणी माझ्यासारखा गडचिरोलीच्या सरकारी कचेरीतला कारकून. नटी नागपूरहून यायच्या, त्याही त्याच संध्याकाळी जीपमधून. दिवसभर धानात वाकलेल्या माणसाचं पाठांतर होणार कधी? आमच्याकडे पाठांतर म्हणजे प्रॉम्प्टरवर विश्वास. विंगेतून जे येईल ते बोलायचं, डोकं लावायचं नाही. एकदा साडूंनी आतून बजावलं, "डावीकडं सरक, माइक तिथी हाये," आणि आमच्या महाराजांनी छाती काढून तेच खणखणीत म्हटलं, प्रधानाकडे बोट करून. प्रधान डावीकडे सरकला. टाळ्या पडल्या. असे आमचे नट! त्या सगळ्यांचा आवाज, त्यांचा राग, त्यांचा हुंदका एका पाटावर मांडी घालून बसलेल्या, मफलर गुंडाळलेल्या या सुकट माणसाच्या ओठांवर असे. पहाटेपर्यंत ते राजा होत, राणी होत, खलनायक होत, आणि सकाळी आठच्या सुमारास शाळेत पाढे घेत.

या विद्येचं बाहेर काय झालं तेही सांगून टाकतो, कारण मला अजून राग येतो. एका मोठ्या शहरात नाटकावर परिसंवाद होता. साडूंनी तीन महिने खपून निबंध लिहिला, मुनी कुठे चुकला आणि ग्रीक कुठे चुकला. नवा पायजमा शिवून गेले. त्यांची पाळी आली जेवणानंतर, अर्धं सभागृह पेंगत असताना. दोन पानं वाचून झाली नसतील, तर अध्यक्षस्थानचे प्राध्यापक गोड हसून म्हणाले, "गुरुजी, आपण तिकडच्या कलावंतांचे गमतीदार अनुभव सांगा ना. सिद्धान्ताचं आम्ही बघू." साडूंनी निबंध खाली ठेवला आणि डावीकडे सरकलेल्या प्रधानाची गोष्ट सांगितली. लोक पोट धरून हसले म्हणे. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं? तर म्हणाले, "हास्यरस चांगला झाला."

आता त्यांचा सिद्धान्त. प्राध्यापकांनी ऐकला नाही, तुम्ही ऐका. मुनी सांगतो, दुःखानं, कष्टानं पिचलेल्या लोकांना विसावा म्हणून नाटक. तेव्हा शेवट गोड करा, रंगमंचावर नायकाचं मरण दाखवू नका. ग्रीक म्हणतो, मरू द्या, लोकांना भय वाटू द्या, दया येऊ द्या, मन धुऊन निघतं. पण त्याची अट अशी की मरणारा मोठा माणूस हवा. राजा हवा. साडूंचं म्हणणं, मुनीनं मरण चोरलं आणि ग्रीकानं माणूस चोरला. "राजा पडला तं दुनिया रडते. आपला मानूस पडला तं? रडाले कोनी थांबत बी नाई." हा नुसता वाद नव्हता, आणि ते मला ठाऊक होतं. त्यांचे वडील गावचे कोतवाल. दवंडी द्यायची, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचं, सरकारी कागद या गावाहून त्या गावाला न्यायचा. वैनगंगेला पूर असताना त्यांना एक तातडीचा कागद देऊन पलीकडे पाठवलं. नको म्हणायची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी खाली दोन कोसांवर ते सापडले. कागद मेणकापडात बांधून पागोट्यात खोचलेला, तो कोरडाच राहिला होता. लोकांनी तो आधी काढला आणि पुढे पाठवला. त्यात लिहिलं होतं, दौऱ्यावर साहेबांना कोंबडी चालत नाही, मासळीची व्यवस्था ठेवावी. साडू तेव्हा सातवीत होते. नदीकाठी उभ्या असलेल्या माणसांत त्यांनी एकच वाक्य ऐकलं, "कोतवाल गेला, आता कागद कोन नेईन?" रडलं कुणी नाही.

यावर त्यांनी नाटक लिहिलं. नाव 'कागद पोचला'. अकरा वेळा लिहिलं, अकरा वेळा फाडलं, बारावी वही ठेवली. शेवटी कोतवाल पुरात जातो आणि कागद कोरडा राहतो. बस, एवढंच. त्या माणसाला एकच हवं होतं. आपल्या बापासाठी एका तरी गावानं, एकदा तरी, रडावं. बाकी मानपान, छापील जाहिरातीत नाव, काही नको. ती वही घेऊन ते दर हंगामात आमच्या नाट्यमंडळाच्या अध्यक्षांकडे जात. अध्यक्ष धानगिरणीचे मालक, माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडून मुनीच बोलायचा. "गुर्जी, पटाले घरोघरी पाव्हने आलेले राह्यते. जावई राह्यते. त्याइले रडवून वापस पाठवाचं का? लोकं वर्षभर रडून राह्यले, तिकीट काढून काऊन रडतीन?" साडू वही काखेत मारून परत येत. असे सात-आठ हंगाम गेले.

मग एका वर्षी, नव्वदीचं दशक सरत आलेलं, ठरलेलं नाटक ऐनवेळी फिसकटलं आणि अध्यक्ष स्वतः साडूंच्या दारी आले. 'कागद पोचला' करू म्हणाले. अट एकच. तिसऱ्या अंकात साहेब धावत येऊन कोतवालाला वाचवेल, बक्षीस देईल, गाणं होईल, पडदा. मला वाटलं साडू वही त्यांच्या तोंडावर मारतील. तर ते शांतपणे म्हणाले, "चालन. पन प्रॉम्प्टिंग मीच करन." अध्यक्ष हसले, "मंग कोन करन, गुर्जी?" कोतवालाचं काम आमच्या शिंप्याकडे गेलं. हा मुसलमान गडी, पहाडी आवाजाचा, पाठांतराच्या नावानं मोठं शून्य. आणि साहेबाचं काम मला दिलं, कारण कचेरीत राहून राहून पुण्याकडची भाषा मला बोलता यायची. त्याच सुमारास माझी बदली सिरोंच्याला, जिल्ह्याच्या पार टोकाला, होऊ घातली होती, आणि ती थांबवण्यासाठी अध्यक्षांनी वरती शब्द टाकला होता. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नाटक रंगलं. पहिले दोन अंक शिट्ट्या, लावणी, सगळं झालं. पहाटेला तिसरा अंक उभा राहिला. दोन्ही विंगांतून निळं कापड धरून हलवत होते, ती वैनगंगा. शिंपी पाण्यात शिरला आणि मला पहिल्यांदा कळलं की हे आपण वाचलेलं नाटक नाही. विंगेतून येणारी वाक्यं बाराव्या वहीतली होती, अध्यक्षांच्या अटीची नव्हती. शिंप्याला त्याचं काय! त्यानं आयुष्यात डोकं लावलं नव्हतं. तो ऐकेल ते बोलत होता, आणि काय बोलत होता! पागोटं चाचपून म्हणत होता, "मी भिजलो तं चालते, कागद नाई भिजला पायजे." समोर अख्खा मांडव गप्प झाला. पोरं गप्प, शेंगा फोडणारे गप्प. पुढच्या बाया पदराचं टोक तोंडात धरून बसल्या होत्या. मी समोरच्या विंगेत साहेबाची टोपी घालून उभा. साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. थांब. येऊ नको. एवढाच अर्थ होता त्याचा, आणि तो मला पुरता समजला. माझ्या मागे अध्यक्ष उभे होते. ते बोलले नाहीत, ढकललं नाही, काही नाही. नुसते खाकरले. आणि मी आत गेलो. "थांब! मी तुला मरू देणार नाही!" असं शुद्ध मराठीत ओरडलो.

मांडव फुटला. टाळ्या, शिट्ट्या, टोप्या हवेत. शिंपी अर्धा मेलेला, त्याला काही उमजेना. त्यानं विंगेकडे पाहिलं. विंगेतून शब्द नाही. साडूंनी वही मिटली होती. आम्ही दोघं निळ्या कापडात उभे, मी त्याचा दंड धरलेला, तो घामाघूम. शेवटी त्याला मागल्या वर्षीच्या नाटकातलं एक वाक्य आठवलं ते त्यानं ठोकून दिलं, "सरकार, माझ्या पोरीचं लग्न जमलं!" पेटीवाला शहाणा, त्यानं ताबडतोब गाणं उचललं. पडदा पडला. साडू मफलर घडी करत होते. मी जवळ गेलो. तेच म्हणाले, "बापू, एन्ट्री चांगली घेतली." त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर ते कधी विंगेत बसले नाहीत. मंडळं दारात येऊन बसत, हे चहा पाजून परत पाठवत. पुस्तकांच्या समासात लिहिणंही थांबलं. माझी बदली रद्द झाली, तेवढंही तुम्हाला सांगून ठेवतो.

नाटक संपलं त्याच सकाळी मी पटाच्या मैदानाजवळ चहाच्या टपरीवर बसलो होतो. टपरीवाल्याची सासू नदीकाठच्या गावाहून पटासाठी आलेली, चुलीशेजारी छाती चोळत बसली होती. मिशी आणि टोपी उतरल्यावर मी साहेब आहे हे तिला कळायचं कारण नव्हतं. जावयाला सांगत होती, "रडू येऊन राह्यलं होतं बापा मले. माह्या भावासारखाच होता तो. थो साहेब आला अन् अडकलं. आता इथी बसून राह्यलं." हे साडूंच्या सिद्धान्ताला मिळालेलं एकमेव प्रमाणपत्र होतं, आणि ते माझ्या हातात पडलं होतं. धावत जाऊन त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्यात माझीच चोरी उघडी पडत होती. सात वर्षं मी ते वाक्य पोटात ठेवलं, नालायकासारखं.

साडू निवृत्त झाले, गडचिरोलीला राहायला आले. एका दुपारी त्यांच्याकडे गेलो असता माझ्यानं राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. खाकरणंही सांगितलं, बदलीही सांगितली, म्हातारीही सांगितली. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी ऐकल्यासुद्धा नाहीत. "कोन बाई? कुठची? जित्ती हाये का?" असं विचारत ते उठले, ट्रंकेतून बारावी वही काढली आणि चपला घालून दारात उभे राहिले. टपरीवाल्याला गाठलं, पत्ता घेतला, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिच्या गावी गेलो. गाडीत ते वही मांडीवर धरून बसले होते. मला वाटतं, मनात शेवटचा प्रवेश घोळवत होते. तो तिला वाचून दाखवायचा, एवढंच त्यांना करायचं होतं. एका माणसापुरता का होईना, कोतवाल त्यांना नीट मारायचा होता.

म्हातारी अंगणात वाळवणाला बसली होती. फार थकलेली, कानानं कमी. साडूंनी तिच्यासमोर उकिडवं बसून, विंगेतल्या त्या जुन्या दबक्या आवाजात नाही, चांगलं मोठ्यानं विचारलं, "बाई, तुमच्या जावयाच्या गावी कोतवालाचं नाटक पाह्यलं होतं. आठवते का?"

"कोनतं गा?" ती म्हणाली. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "हाव हाव! पुरात चालला होता तो. अन् थो साहेब आला ना धावत! वाचला बिचारा. मी तं इथी आल्यावर सगळ्याइले सांगतलं, आपल्या कोतवालाले साहेबानं वाचवलं म्हणून."

साडूंच्या मांडीवर वही उघडी होती, शेवटच्या पानावर बोट होतं. मी मान खाली घातली. आता हे तिला समजावतील, वाचून दाखवतील, मला ते ऐकत बसावं लागेल, असं मला वाटलं. त्यांनी बोट काढलं आणि वही मिटली.

"हाव बाई," ते म्हणाले. "वाचला तो."

"चांगलं झालं," म्हातारी म्हणाली आणि वाळवणावरून हात फिरवू लागली. "लेकरू होतं का गा त्याले?"

"होतं एक," साडू म्हणाले. "सातवीत होतं."